मूळचे पैठणचे : रामेश्वरभट्टांचे पुण्यस्मरण

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की आमच्या ओसरीवर एक ठरलेला प्रश्न येतो. “बुवा, शिवरात्र आज धरावयाची की उद्या?” पूर्वी लोक स्वतः येऊन विचारीत, आता फोन करतात. चतुर्दशी दोन दिवसांना स्पर्श करीत असली म्हणजे घरोघरच्या सासवा-सुनांची मोठी पंचाईत होते. साबुदाणा आज भिजत घालावा की उद्या, कवठाची चटणी केव्हा वाटावी, येथपासून सारे अडते. उत्तर तसे सोपे आहे. ज्या रात्री निशीथकाळी, म्हणजे मध्यरात्रीच्या दोन घटिकांत, चतुर्दशी असेल ती शिवरात्र. मी पंचांग पाहून सांगतो, विचारणाऱ्याचे समाधान होते, आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो.

परंतु हा निर्णय आला कोठून, असे एकदा माझ्या धाकट्या शिष्याने विचारले. म्हटले, पंचांगकर्ते बहुधा धर्मसिंधूचा आधार घेतात. धर्मसिंधु पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचला. त्यांच्यासमोर होता निर्णयसिंधु, आणि तो कमलाकरभट्टांनी विक्रम संवत १६६८ मध्ये, म्हणजे इ.स. १६१२ साली, काशीत पूर्ण केला. शिष्य म्हणाला, “म्हणजे आमच्या घरचा उपास काशीच्या भट्टांनी ठरविला!” मी म्हणालो, “बाबा रे, त्या काशीच्या भट्टांचे पणजोबा आपल्या पैठणचे.” तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. त्या पणजोबांचे नाव रामेश्वरभट्ट. गोविंदभट्टांचे चिरंजीव, विश्वामित्र गोत्र, ऋग्वेदी देशस्थ.

गागाभट्टांचे नाव महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, दिनांक ६ जून १६७४ रोजी रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्यांच्या हस्ते झाला ते हे विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट. त्यांच्या नावापुढे आपण सवयीने दोन शब्द जोडतो, “मूळचे पैठणचे”. हे दोन शब्द किती सहज उच्चारले जातात! पण गागाभट्ट स्वतः काशीतले. त्यांचे वडील दिनकरभट्ट काशीतले, आजोबा रामकृष्णभट्ट काशीतले. पैठणचा उंबरठा ओलांडून, गोदेचे पाणी मागे टाकून, संसार पाठीवर घेऊन जो गेला तो गागाभट्टांचा खापरपणजा. ‘मूळ’ आपण म्हणतो ते त्या एका पुरुषाच्या पावलांत होते. त्याचे नाव मात्र आमच्या पैठणच्याही दहांतल्या नऊ घरांत ठाऊक नाही. गेल्या चाळीस वर्षांत मी गागाभट्टांचे आख्यान कितीदा लावले असेल! पूर्वरंगात राजधर्म, उत्तररंगात राज्याभिषेक. रामेश्वरभट्टांचा उल्लेख एका वाक्यात करून मी पुढे जात असे. तो दोष माझाच.

रामेश्वरभट्टांचे चरित्र आपणांस कळते ते त्यांच्या नातवामुळे. नातू शंकरभट्ट हे स्वतः थोर मीमांसक. त्यांनी ‘गाधिवंशानुचरित’ नावाने आपल्या कुळाचा वृत्तांत संस्कृतात लिहून ठेवला. गाधि म्हणजे विश्वामित्रांचे पिते, म्हणून गाधिवंश. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली काशीतील दाक्षिणात्य पंडितांविषयी लिहिताना या ग्रंथाची ओळख विद्वानांस करून दिली, आणि पुढे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली व्यवहारमयूखाची आवृत्ती काढली तेव्हा प्रस्तावनेत या घराण्याची वंशावळ लावून दाखविली. नातवाने आजोबांविषयी लिहिलेले आहे, तेव्हा त्यात प्रेमाची भर असणारच. तेवढी सोडून दिली तरी जे उरते ते थोडे नाही.

रामेश्वरभट्ट पैठणास शिष्यांना शिकवीत. व्याकरण, न्याय, मीमांसा, वेदांत हे त्यांचे विषय. हाती काव्यही होते. ‘रामकुतूहल’ नावाचे काव्य त्यांनी रचले, आणि श्रीहर्षाच्या नैषधाशी स्पर्धा करावी ही त्यामागची ईर्षा होती असे सांगतात. विद्वानाला एवढी ईर्षा असावी! पण घरात पाळणा हलला नव्हता. वय उतरू लागले होते. तेव्हा पति-पत्नी कोल्हापुरास श्रीमहालक्ष्मीच्या चरणी गेली. जगदंबेची सेवा केली. तेथून पुढे ती विजयनगरास पोचली.

विजयनगरच्या सिंहासनावर त्या वेळी कृष्णदेवराय होता. इ.स. १५०९ ते १५२९ हा त्याचा काळ, दक्षिणेतला सर्वांत वैभवाचा. राजा स्वतः कवी, विद्वानांचा चाहता. पैठणच्या या पंडिताचा त्याने गौरव करावयाचे ठरविले आणि हत्तींचे दान देऊ केले. रामेश्वरभट्टांनी ते दान घेतले नाही.

कीर्तनात या प्रसंगाशी मी थांबतो. श्रोत्यांना आधी हसू येते. पैठणच्या बोळांत भटजींनी हत्ती बांधला असता तरी कोठे, असे कोणी तरी म्हणतोच. पण यात शास्त्राचा एक सूक्ष्म धागा आहे. गज, अश्व यांचा प्रतिग्रह ब्राह्मणाला दोषावह मानिला आहे. वेदात अश्वदानाच्या निमित्ताने वरुणाची इष्टि सांगितली आहे, आणि ती देणाऱ्याने करावी की घेणाऱ्याने, यावर जैमिनीच्या मीमांसेत स्वतंत्र अधिकरणच आहे. रामेश्वरभट्ट हे अधिकरण वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आले असणार. शिकविताना दाता राजा काल्पनिक असतो, घोडे कागदावरचे असतात. येथे हत्ती दारात उभे होते. घरी श्रीमंती नाही, पत्नी गरोदर, परमुलुख, आणि समोर दक्षिणेचा सार्वभौम. नाही म्हणणे राजाच्या मनाला लागेल ही भीतीही असेल. त्यांनी नकार दिला आणि विजयनगर सोडून ते द्वारकेच्या वाटेला लागले.

हंपीपासून द्वारका ही वाट मी आगगाडीने केली आहे, तीही तीन गाड्या बदलून, आणि उतरलो तेव्हा पाठ धरली होती. त्या माउलीने ती गरोदरपणात केली, बैलगाडीचा आणि पायांचा भरवसा ठेवून. वाटेतच, शके १४३५ च्या चैत्रात, म्हणजे इ.स. १५१३ मध्ये, तिला पुत्र झाला. द्वारकाधीशाचा प्रसाद म्हणून त्याचे नाव नारायण ठेविले. परक्या गावी, कोणा अनोळखी बाईने सुईणपण केले असेल, कोणी शेजारणीने पाणी तापविले असेल. नातवाच्या संस्कृत श्लोकांत त्या बायकांना जागा मिळाली नाही. मी मात्र आख्यानात त्यांना हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही.

द्वारकेत काही काळ राहून कुटुंब पुन्हा पैठणास आले. येथे चार वर्षे काढली. मग, इ.स. १५२२ च्या सुमारास, रामेश्वरभट्टांनी पैठण कायमचे सोडले आणि ते काशीस जाऊन राहिले.

का गेले असतील? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. त्या काळी बहमनी राज्य मोडून पाच तुकडे झाले होते. दौलताबाद १४९९ मध्ये निजामशहाकडे गेले होते, पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही यांत झुंज जुंपली होती. गोदाकाठ लष्करांच्या वाटेवर होता हे खरे. पण काशी तरी कोठे शांत होती? दिल्लीला लोदींची सत्ता डळमळत होती, १५२६ साली पानिपत झाले. विश्वेश्वराच्या देवालयाचा पूर्वी विध्वंस झालेला होता. निश्चिंत राहावयाचे असते तर विजयनगर होते आणि हत्तीही होते. तेव्हा सुखासाठी ते गेले असे कोणालाही म्हणता यावयाचे नाही.

माझ्या मनाने एक उत्तर काढले आहे. ते इतिहासाचे नव्हे, कीर्तनकाराचे आहे, म्हणून तेवढ्याच किमतीने घ्यावे. रामेश्वरभट्ट रामाचे भक्त. काशीत प्राण सोडणाऱ्याच्या कानात साक्षात शंकर तारक मंत्र सांगतात, आणि तो मंत्र रामाचा, अशी आपली श्रद्धा आहे. ‘रामेश्वर’ या एका शब्दाचा समास सोडविताना पंडितांत गमतीचा वाद चालतो. विष्णू म्हणतात, हा तत्पुरुष, रामाचा ईश्वर तो शंकर. शंकर म्हणतात, छे, हा बहुव्रीहि, राम ज्याचा ईश्वर तो मी. दोघेही मोठेपण दुसऱ्याच्या पदरात टाकतात. हे नाव जन्मापासून अंगावर वागविणाऱ्या रामभक्ताला विश्वनाथाच्या नगरीखेरीज दुसरे कोणते गाव आपले वाटावे?

काशीत रामेश्वरभट्टांनी पुन्हा शून्यापासून पाठशाळा मांडली. वृद्धापकाळी परक्या मुलुखात, जेथे बोली निराळी, आहार निराळा, महिन्यांची नावेसुद्धा निराळी. आपली माघ वद्य चतुर्दशी ती तिकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. दिवस तोच, नाव वेगळे. हळूहळू द्रविड, गुर्जर, कान्यकुब्ज, मैथिल, गौड अशा अनेक प्रांतांचे विद्यार्थी त्यांच्यापाशी जमू लागले. श्रीधर आणि माधव हे आणखी दोन पुत्र त्यांना झाले. थोरल्या नारायणाला त्यांनी सारी शास्त्रे स्वतः शिकविली. एवढीच त्यांची मिळकत. राजाश्रय नाही, वतन नाही. शिकविता शिकविता पुष्कळ वय होऊन काशीतच त्यांनी देह ठेविला.

येथे एक घरगुती गोष्ट सांगतो, क्षमा असावी. आमचा थोरला चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडात जावयास निघाला तेव्हा माझ्या तोंडून नको ते शब्द गेले. “नाथांच्या गावात जन्म घेऊन बर्फात मरावयास चाललास,” असे मी म्हणालो. देव्हाऱ्यातला बाणलिंग तो मागत होता, मी दिला नाही. त्याची आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे एकदा रामेश्वरभट्टांचे चरित्र वाचताना मनात आले की शके १४४४ च्या आसपास पैठणातील कोणा वृद्ध आप्ताने त्यांनाही असेच काही ऐकविले असेल. गोदाकाठ सोडून चाललास, दक्षिण काशी सोडून उत्तर काशीचा सोस कशाला! तो वृद्ध आप्त म्हणजे मीच, असे वाटून पोथी मिटावी लागली.

जे सोबत नेले ते किती टिकले, हे पाहण्यासारखे आहे. नारायणभट्ट हे काशीच्या पंडितसभेचे अग्रणी झाले. ‘जगद्गुरु’ ही पदवी लोकांनीच त्यांना दिली, आणि सभेत वा वेदपठणाच्या प्रसंगी पहिला मान भट्टांच्या घराला, ही रीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. आपल्याकडील याज्ञिक ज्या प्रयोगरत्नावरून संस्कार चालवीत आले, ते नारायणभट्टांचे. प्रयाग, काशी, गया या तीन क्षेत्रांचा विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ही त्यांचाच. राजा तोडरमल्लाच्या साह्याने इ.स. १५८५ च्या सुमारास श्रीविश्वेश्वराचे भव्य देवालय काशीत पुन्हा उभे राहिले, त्याचे श्रेयही परंपरा नारायणभट्टांस देते. पैठणकराच्या मुलाच्या हातून विश्वनाथाचे मंदिर! वेरूळला श्रीघृष्णेश्वराच्या पायरीवर उभा राहिलो की मला हे हटकून आठवते. कारण पुढे १७८० साली काशीचे आजचे देवालय बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर चौंडीच्या, आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच.

पण नारायणभट्टांच्या मंदिरापेक्षा त्यांचे एक वचन मला मोठे वाटते. त्रिस्थलीसेतूत ते म्हणतात, त्याचा भावार्थ असा. कालगतीने तेथील लिंग काढले गेले आणि दुसरे बसविले गेले, तर जे असेल त्याची पूजा करावी. राजसत्तेच्या दुष्टतेमुळे तेथे लिंग मुळीच नसले, तरीही त्या स्थानाला प्रदक्षिणा, नमस्कार करावेत. अभिषेकासारखे जे विधी लिंगावाचून होऊ शकत नाहीत तेवढेच सोडावे. किती शांतपणे लिहिले आहे! आकांत नाही, शाप नाही. घर सुटलेल्या बापाच्या मुलालाच हे सुचावे. पैठणचे देव मागे राहिले, गोदा मागे राहिली, तरी नित्यकर्म सुटले नाही, हे त्याने बालपणापासून पाहिले होते. १६६९ साली ते देवालय पुन्हा पाडले गेले. भट्टांचे पणतू, खापरपणतू तेव्हा काशीतच होते. पणज्याचे ते वाक्य त्यांच्या किती उपयोगी पडले असेल! आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी त्याच घरातील गागाभट्ट रायगडावर मंत्र म्हणत होते. राज्याभिषेकाची ही बाजू आख्यानात कोणी सांगत नाही.

वंश मोठा आहे, सारा सांगू लागलो तर पान पुरणार नाही. नारायणांचे पुत्र रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णांचे दिनकर आणि कमलाकर. दिनकरांचे गागाभट्ट. शंकरांचे नीळकंठ, ज्यांनी सेंगर राजा भगवंतदेवाच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. भास्कर म्हणजे सूर्य, मयूख म्हणजे किरण. त्यांतील शांतिमयूख याज्ञिकांच्या हाती असतो. व्यवहारमयूखाची कथा आणखी नवलाची. मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात येथील न्यायालयांत इंग्रजी अमदानीत वारसाहक्काचे वाद या ग्रंथावरून सुटत. बहिणीलाही वारसांत स्थान देण्याकडे नीळकंठांचा कल, त्यामुळे या भागातील कित्येक भगिनींना भावाच्या मिळकतीत वाटा लाभला. महाभारताचे टीकाकार नीळकंठ ते हे नव्हेत. ते चतुर्धर, कोपरगावचे. पण तेही गोदाकाठचेच, आणि तेही काशीत जाऊन लिहिते झाले. शहाजहानकडून काशी-प्रयागचा यात्राकर उठविणारे कवींद्राचार्य सरस्वती, तेही गोदातीरीचे. काय ते पाणी म्हणावे!

काशीत राहून ही मंडळी महाराष्ट्राला विसरली नाहीत. विश्वेश्वर देवालयाच्या मुक्तिमंडपात दाक्षिणात्य पंडितांची सभा भरे. कोकणातले, देशावरचे वाद निर्णयासाठी तेथवर जात, आणि निर्णयपत्र घेऊन माणसे परतत. १६५७ सालच्या अशा एका सभेचे निर्णयपत्र उपलब्ध आहे.

आता आमच्या नाथमहाराजांविषयी. रामेश्वरभट्टांनी पैठण सोडल्यावर सुमारे दहा वर्षांनी, १५३३ च्या आगेमागे, नाथांचा जन्म झाला. त्यांनी पैठण सोडले नाही. पण एकनाथी भागवत पुरे झाले ते काशीत, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, इ.स. १५७३ मध्ये. त्या वर्षी नारायणभट्ट साठ वर्षांचे होते. एक पैठणकर काशीत संस्कृतात प्रयोग लिहितो आहे आणि दुसरा पैठणकर त्याच घाटांच्या नगरीत मराठीत भागवत सांगतो आहे! मराठीतल्या भागवताला काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि पुढे त्याचीच मिरवणूक काढली, ही कथा आपण नाथषष्ठीला ऐकतोच. स्मृतिकौस्तुभकार अनंतदेव हे काशीचे आणखी एक मोठे धर्मशास्त्री. त्यांनीही आपल्या कुळाचा मूळपुरुष गोदातीरीचे कृष्णभक्त एकनाथ असे सांगितले आहे.

मागच्या शिवरात्रीला मी रामेश्वरभट्टांचे संपूर्ण आख्यान प्रथमच लावले. श्रोते फार नव्हते, साठ-सत्तर असतील. हत्तींचा प्रसंग रंगला, द्वारकेच्या वाटेवर बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला. आरती झाल्यावर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले, म्हणाले, “बुवा, त्यांचे घर पैठणात नेमके कोठे होते? एक दिवा लावीन म्हणतो.” मला घर दाखविता आले नाही. आम्ही दोघे नागघाटावर गेलो, आणि त्यांनी पणती पायरीवर ठेविली. वारा होता, ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा मी पंचाचा आडोसा धरला.

घरी येतो तो फोन वाजत होता. थोरला चिरंजीव. त्याच्याकडे अजून दिवस होता. थोडे कुशल झाले, मग म्हणाला, “अण्णा, एक विचारावयाचे होते. येथल्या मुलांना पूजा दाखवावी म्हणतो. निशीथकाळ येथला धरू की पैठणचा?”

देव्हाऱ्यात बाणलिंग होता. त्याच्याकडे पाहत मी पंचांग उघडले आणि म्हणालो, “तुझ्या गावी सूर्यास्त किती वाजता होतो आणि उद्या सूर्योदय किती वाजता, ते आधी सांग.”